दूरची कळ, घरचा दिवा

रात्रीचे दोन वाजले आहेत. घरात वीज आहे, छताला दिवा आहे, पण दिव्याचे बटण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या चौकटीजवळ आहे. पलंगावर आजी झोपली आहे. तिचे गुडघे दुखतात आणि तिला उठायचे आहे. नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरांत अंधारात जमिनीवर पाय टाकायचा म्हणजे विंचूकाट्याची धास्ती असतेच. म्हणून आधी दिवा लागावा आणि मग पाय खाली यावा, हा खरा शहाणा क्रम. बटण दाराजवळ असल्यामुळे तो उलटा होऊन बसतो. गंमत अशी, की त्याच पलंगाच्या उशाशी टीव्हीचा रिमोट पडलेला असतो!

त्या रिमोटने छतावरचा दिवा लावता येईल का? हो, नक्कीच येईल. विज्ञान प्रदर्शनांत असा दिवा तुम्ही पाहिला असेल, कदाचित स्वतः मांडलाही असेल. परंतु पुष्कळदा असे होते, की टेबलावर शहाण्यासारखा वागणारा दिवा घरी नेल्यावर भलत्या वेळी लागतो, किंवा लागतच नाही. मग सगळे जोड तपासले जातात, आय.सी. बदलली जाते आणि शेवटी ते सामान खोक्यात जाते. जोडणीत चूक नसतानाही असे का होते, मंडल सोपे करताना कोणता भाग काढला तर चालतो आणि कोणता काढला तर फसते, ते आज पाहू.

न दिसणारा प्रकाश

१८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथला तापमापक अधिक तापला. तेच हे अवरक्त किरण. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. रिमोटच्या टोकाला जी लहानशी एल.ई.डी. असते ती बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देते. सिलिकॉनपासून बनवलेल्या प्रकाशसंवेदी डायोडला हाच भाग चांगला दिसतो, म्हणून ही निवड.

रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर एल.ई.डी. फिकट जांभळी लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात बरेचदा अवरक्त किरण अडवणारी काच असते, म्हणून तिथे ती दिसली नाही तर रिमोट बिघडला असे समजू नका.

आता सर्वांत सोपे मंडल रचू. एका बाजूला घट, बटण आणि अवरक्त एल.ई.डी. दुसऱ्या बाजूला प्रकाशसंवेदी ट्रान्झिस्टर. त्याच्यावर किरण पडले की विद्युतधारा वाहावी आणि दिवा लागावा. रात्री, खोलीत अंधार असताना, एका हातावरून हे चालते. सकाळी दार उघडले की संपले! जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतला जवळजवळ निम्मा भाग अवरक्त असतो. एप्रिलमधल्या दुपारी नांदेडच्या घरात अंगणातून जो उजेड आत येतो, त्यापुढे रिमोटची एल.ई.डी. म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. जुना तारेचा बल्बही काही कमी नाही. त्याला दिलेल्या विजेचा फार तर दहावा हिस्सा दिसणारा प्रकाश होतो, उरलेल्यातला मोठा भाग अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे आपला दिवा स्वतःच्याच उजेडाने स्वतःला फसवणार.

ही चूक मोठमोठ्यांनीही केलेली आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५५ साली ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचा रिमोट बाजारात आणला. यूजीन पॉली या अभियंत्याची ती कल्पना. रिमोट म्हणजे बॅटरीसारखा एक हातदिवाच होता आणि टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदी घट होते. ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल ते काम होई. पण खिडकीतून ऊन पडद्यावर आले की टीव्ही आपोआप वाहिन्या बदलू लागे! पुढच्याच वर्षी त्या कंपनीने रॉबर्ट ॲडलर यांचा रिमोट आणला. त्यात प्रकाश नव्हताच. बटण दाबले की लहान हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा उच्च कंप्रतेचा ध्वनी निघे. त्या रिमोटला घटही लागत नसत. अवरक्त किरणांचे रिमोट सर्वत्र झाले ते त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, उन्हाचा प्रश्न सोडवल्यावर.

उन्हावर उपाय

नांदेडला गोदावरीच्या काठावर रात्री उभे राहा आणि पलीकडे पाहा. शेकडो दिवे दिसतील. त्यात तुमच्या मित्राने बॅटरी लावून धरली तर ती ओळखू येणार नाही. पण त्याने ती ठरावीक लयीत उघडझाप केली तर शेकडो दिव्यांतून ती एकच तुमच्या लक्षात येईल, कारण बाकीचे दिवे त्या लयीत लुकलुकत नाहीत.

रिमोट नेमके हेच करतो, फक्त लय फार जलद असते. बहुतेक रिमोटमधील एल.ई.डी. दर सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा, म्हणजे ३८ किलोहर्ट्झ कंप्रतेने उघडझाप करते. सूर्याचा प्रकाश एकसारखा असतो, त्यात लय नाही. तारेचा बल्ब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. ३८ हजारांपुढे ती लय कुठल्या कुठे राहिली! ग्राहकाने ३८ किलोहर्ट्झची लयच तेवढी ऐकायची आणि बाकी सर्व सोडून द्यायचे, एवढे केले की उन्हाचा प्रश्न सुटला.

हा ३८ चा आकडा कुठून आला, असे तुम्ही विचाराल. रेडिओच्या धंद्यात ४५५ किलोहर्ट्झचे सिरॅमिक स्पंदक ढिगाने आणि स्वस्त मिळत, कारण मध्यम लहरींच्या रेडिओत तीच कंप्रता आतल्या कामासाठी वापरतात. ४५५ ला १२ ने भागा. ३७.९ येतात. म्हणजे आजच्या रिमोटच्या पोटात आजोबांच्या ट्रान्झिस्टर रेडिओचा एक वारसा दडलेला आहे.

पूर्वी ही लय ओळखणारे ग्राहक-मंडल हाताने बांधावे लागे. प्रकाशसंवेदी डायोड, त्याच्यापुढे दोन-तीन टप्प्यांचा वर्धक, मग एक गाळणी, मग ५६७ नावाची स्वर ओळखणारी आय.सी., शिवाय सर्व नीट जुळवण्यासाठी एक फिरता रोधक. तो पेचकसाने फिरवत बसायचे. उन्हाळ्यात जुळवलेले थंडीत ढळायचे. आज हे सर्व वाटाण्याएवढ्या, तीन पायांच्या एका काळ्या तुकड्यात मावते. टी.एस.ओ.पी. १७३८ हे त्याचे एक प्रसिद्ध नाव. त्याचेच भाऊबंद इतर नावांनीही मिळतात. दुरुस्तीच्या दुकानात ‘रिमोटचा सेन्सर’ म्हटले तरी दुकानदार समजतो. आपण या लेखात त्याला ‘डोळा’ म्हणू. बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्समध्ये असा डोळा हमखास असतो. लातूरच्या किंवा नांदेडच्या भंगारवाल्याकडे असे मेलेले डबे मिळतात, आणि नवा डोळा विकत घेण्यापेक्षा तो काढून घेण्यात अधिक शिकायला मिळते असे माझे मत आहे.

डोळ्याचा रंग काळा का, तर ते प्लास्टिक दिसणारा प्रकाश अडवते आणि अवरक्त किरण आत सोडते. तीन पायांपैकी एक ऋण, एक पाच व्होल्ट आणि एक निर्गम. पण सावधान! १७३८ मध्ये घुमट आपल्याकडे करून धरल्यास डावीकडून क्रम ऋण, धन, निर्गम असा आहे. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या अनेक डोळ्यांत तो निर्गम, ऋण, धन असा असतो. सेट-टॉप बॉक्समधून काढण्यापूर्वी कोणता पाय जमिनीच्या पट्ट्याला जोडला आहे ते पाहून कागदावर लिहून ठेवा. उलटा जोडलेला डोळा तापतो आणि कायमचा मिटतो.

दुसरे लक्षात ठेवायचे ते हे, की किरण येत नसताना निर्गमावर पाच व्होल्ट असतात आणि ३८ किलोहर्ट्झचे किरण आले की ते जवळजवळ शून्यावर येतात. उलटे वाटते खरे, पण पुढे ते आपल्या सोयीचेच ठरते.

काही विद्यार्थी रिमोटही स्वतः बनवतात. ५५५ ही आय.सी. ३८ किलोहर्ट्झवर चालवून तिला एल.ई.डी. जोडतात. मग तक्रार येते, की डोळा एकदा लुकलुकतो आणि पुढे काही ऐकत नाही. डोळ्यात दोष नाही. अखंड येणारी लय हा रिमोट नसून एखाद्या दिव्याचा उपद्रव असावा, असे समजून तो आपली संवेदनक्षमता आपणहून कमी करतो. काही सी.एफ.एल. आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब खरोखरच तीस-चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणून कारखान्याने ही योजना केलेली असते. त्याला लय हवी, पण तुकड्यातुकड्यांत हवी. टीव्हीचा तयार रिमोट तशीच देतो, म्हणून स्वतः रिमोट बनवायचा खटाटोप सोडून द्या. इथे आपले अर्धे मंडल वाचले.

चौतीस ठोके

आता डोळ्याच्या निर्गमावर एक ट्रान्झिस्टर आणि दिवा जोडला तर? बटण दाबले असेपर्यंत दिवा थरथरतो आणि सोडले की विझतो. भिंतीवरचे बटण मात्र एकदा दाबले की दाबलेलेच राहते. त्याच्या आतली स्प्रिंग त्याची आठवण ठेवते. आपल्या मंडलालाही अशी आठवण हवी. एक ठोका मिळाला की लागलेला दिवा विझावा, विझलेला लागावा, आणि पुढचा ठोका येईपर्यंत तीच स्थिती राहावी. अशा मंडलाला द्विस्थिर मंडल किंवा फ्लिप-फ्लॉप म्हणतात. एक्लिस आणि जॉर्डन या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९१८ साली निर्वात नळ्या वापरून ते प्रथम रचले. आज सी.डी. ४०१३ या चौदा पायांच्या आय.सी.त तशी दोन मंडले असतात.

तर डोळ्याचा निर्गम थेट फ्लिप-फ्लॉपला जोडला, फ्लिप-फ्लॉप दिव्याला. सर्व जोड पक्के. रिमोटचे बटण दाबले. दिवा लागला नाही! पुन्हा दाबले. नाहीच. इथेच बहुतेकांचे सामान खोक्यात जाते.

कारण शोधायचे तर रिमोट काय बोलतो ते ऐकावे लागेल. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. समजा, यांतल्या कोणत्या रस्त्याने जायचे ते तुम्हाला फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन खुणांनी मित्राला सांगायचे आहे. किती खुणा लागतील? चार. कारण २ × २ × २ × २ = १६. आठ खुणा असत्या तर २५६ रस्ते वेगळे सांगता आले असते. रिमोटची भाषा अशीच आहे. पुष्कळ रिमोट ज्या पद्धतीने बोलतात तिला एन.ई.सी. पद्धत म्हणतात. तिच्यात आठ खुणा यंत्राच्या ओळखीच्या आणि आठ खुणा बटणाच्या असतात. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून प्रत्येक आठ खुणा पुन्हा उलट करूनही सांगतात. एकूण झाल्या ३२.

प्रत्येक खूण म्हणजे ३८ किलोहर्ट्झच्या लयीचा सुमारे ०.५६ मिलिसेकंदाचा एक तुकडा आणि त्यानंतरची शांतता. शांतता आखूड असेल तर ‘नाही’, लांब असेल तर ‘हो’. या ३२ खुणांच्या आधी ‘लक्ष द्या’ असे सांगणारा ९ मिलिसेकंदांचा एक लांब तुकडा असतो आणि शेवटी समाप्तीचा एक छोटा तुकडा. आता मोजा. १ + ३२ + १ = ३४.

म्हणजे तुम्ही बटण एकदा दाबले तेव्हा फ्लिप-फ्लॉपला एक ठोका मिळाला नाही, चौतीस मिळाले! पहिल्याला तो ‘लागला’ झाला, दुसऱ्याला ‘विझला’, तिसऱ्याला पुन्हा ‘लागला’. चौतीस ही सम संख्या. चौतिसाव्या ठोक्यानंतर तो जिथे होता तिथेच परत आला. हे सगळे सेकंदाच्या पंधराव्या भागात उरकते, त्यामुळे रिलेला हलायलाही वेळ मिळत नाही आणि तुम्हाला वाटते, मंडलाने काही ऐकलेच नाही. बटण दाबून ठेवले तर रिमोट साधारण दर १०८ मिलिसेकंदांनी ‘तेच ते’ अशी आखूड खूण पाठवतो. तिच्यात तुकडे असतात दोन. पुन्हा सम! मंडल अचूक काम करते आहे, हिशेबच असा आहे की दिवा लागू नये.

जोडणीतली चूक शोधताना आपण तारा पाहतो, पण इथे तारा निर्दोष असतात. शिक्षकांना माझी विनंती आहे, की विद्यार्थ्यांना हे मंडल एकदा असे ‘न चालणारे’ जोडू द्यावे. चौतिसाचा हिशेब त्यांना स्वतः सापडला, तर तो ते जन्मभर विसरणार नाहीत.

उपाय काय? पहिला ठोका ऐकायचा आणि मग थोडा वेळ कान झाकून घ्यायचे. हे काम ५५५ ही आठ पायांची आय.सी. करते. हान्स कॅमेन्झिंड यांनी तिची रचना केली आणि ती १९७२ मध्ये बाजारात आली. एकस्थिर पद्धतीने जोडल्यास तिच्या दुसऱ्या पायाचा दाब एक तृतीयांशाखाली गेला की तिसऱ्या पायावर एक लांब ठोका निघतो, आणि तो चालू असताना दुसऱ्या पायावर कितीही धडका बसल्या तरी ती दाद देत नाही. डोळ्याचा निर्गम किरण आल्यावर शून्याकडे जातो हे आठवते ना? ५५५ ला नेमके तेच हवे असते, म्हणून मध्ये उलटापालट करणारा ट्रान्झिस्टर लागत नाही. ठोक्याचा काळ १.१ × रोध × धारिता एवढा असतो. १०० किलोओहमचा रोधक आणि १० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतल्यास १.१ × १,००,००० × ०.००००१ = १.१ सेकंद. चौतीसच्या चौतीस ठोके त्यात बुडून जातात आणि फ्लिप-फ्लॉपला मिळतो एकच.

मध्यरात्री आलेली वीज

आता मंडल टेबलावर चालते. घरी आणखी एक परीक्षा असते, ती प्रदर्शनात होत नाही. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने लांबलांब भारनियमन सोसले आहे. वीज जाणे-येणे आपल्याला नवे नाही; वळवाच्या पावसात ती दिवसातून कितीदा तरी जाते. भिंतीवरच्या बटणाची आठवण स्प्रिंगमध्ये असते, ती वीज गेल्याने पुसली जात नाही. फ्लिप-फ्लॉपची आठवण मात्र विजेवरच जगते. वीज परत येते तेव्हा तो ‘लागला’ या स्थितीत उठेल की ‘विझला’ या स्थितीत, याचा काही भरवसा नसतो. शिवाय वीज येताच ५५५ स्वतःही एक ठोका देऊन बसतो. परिणाम? रात्री तीनला वीज येते आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर दिवा पेटतो. अशा दोन रात्री गेल्या की घरची मंडळी तुमचे यंत्र काढून ठेवतात.

यावर औषध म्हणजे एक धारित्र आणि एक रोधक. ४०१३ चा चौथा पाय हा ‘पुसून टाक’ असा हुकूम घेणारा पाय आहे. त्याला पाच व्होल्टपासून १ मायक्रोफॅरडचे धारित्र आणि जमिनीपासून १०० किलोओहमचा रोधक जोडा. वीज आली की धारित्र भरेपर्यंत, साधारण सेकंदाचा दहावा भाग, हा पाय उंच राहतो. तेवढ्यात ५५५ चा आगंतुक ठोका येऊन जातो आणि फ्लिप-फ्लॉप ‘विझला’ या स्थितीत स्थिरावतो. मंडल सोपे करण्याच्या भरात हेच दोन भाग प्रथम गाळले जातात, कारण टेबलावर त्यांच्यावाचून काही अडत नाही.

वीज आल्यावर दिवा विझलेलाच असावा, की लागलेला? आजीच्या खोलीत कदाचित लागलेला बरा. तसे हवे असेल तर ते धारित्र व रोधक चौथ्याऐवजी सहाव्या पायाला जोडा आणि चौथा पाय जमिनीला द्या. हा निर्णय घरच्यांना विचारून घ्या.

जोडणी

सामान फार नाही. बारा व्होल्टचा तयार ॲडॉप्टर, पाच व्होल्टसाठी ७८०५, डोळा, ५५५, ४०१३, एक बी.सी. ५४७ ट्रान्झिस्टर, बारा व्होल्टची रिले, एक १एन४००७ डायोड आणि काही रोधक व धारित्रे. पुस्तकातले धारित्र म्हणजेच दुकानातला कपॅसिटर किंवा कंडेन्सर.

डोळ्याच्या धन पायाला पाच व्होल्ट थेट न देता १०० ओहमच्या रोधकातून द्या आणि त्या पायापासून ऋणापर्यंत ४.७ मायक्रोफॅरडचे धारित्र लावा. रिले हलताना विजेत जे धक्के बसतात ते त्याच्यापर्यंत जात नाहीत. डोळ्याच्या निर्गमापासून पाच व्होल्टला एक १० किलोओहमचा रोधक, आणि निर्गमापासून ५५५ च्या दुसऱ्या पायाकडे दुसरा १० किलोओहमचा. दुसऱ्या पायापासून जमिनीला ०.१ मायक्रोफॅरड. या जोडीमुळे सी.एफ.एल.च्या उपद्रवाने येणारे अगदी आखूड झटके विरून जातात, रिमोटचा ९ मिलिसेकंदांचा लांब तुकडा मात्र आरामात पार होतो.

५५५ चा पहिला पाय जमिनीला, चौथा व आठवा पाच व्होल्टला. पाचव्यापासून जमिनीला ०.०१ मायक्रोफॅरड. सहावा आणि सातवा एकमेकांना जोडून तिथून पाच व्होल्टला १०० किलोओहम व जमिनीला १० मायक्रोफॅरड. तिसरा पाय ४०१३ च्या तिसऱ्या पायाला. योगायोगाने आकडा तोच आहे, त्यामुळे विसरण्याची भीती नाही.

४०१३ चा पाचवा पाय दुसऱ्याला जोडा. दर ठोक्याला स्थिती उलटते ती यामुळे. सहावा व सातवा जमिनीला, चौदावा पाच व्होल्टला, चौथा वर सांगितल्याप्रमाणे. न वापरलेल्या अर्ध्या भागाचे आठ, नऊ, दहा आणि अकरा हे पाय जमिनीला द्या. ते मोकळे सोडले तर आय.सी. विनाकारण चळवळ करते. पहिल्या पायापासून ४.७ किलोओहमच्या रोधकातून ट्रान्झिस्टरच्या बेसला जा. एमिटर जमिनीला, कलेक्टर आणि बारा व्होल्ट यांच्यामध्ये रिलेचे वेटोळे. वेटोळ्याला समांतर डायोड उलटा जोडा, म्हणजे त्याचा पट्टा बारा व्होल्टकडे. वेटोळ्यातील धारा तुटताना जो उलटा दाब उसळतो तो हा डायोड गिळतो. तो नसेल तर ट्रान्झिस्टर जातो. वेटोळ्याचा रोध सुमारे ४०० ओहम असेल तर धारा १२ ÷ ४०० = ०.०३ ॲम्पियर. बी.सी. ५४७ ला हे सहज झेपते.

रिलेच्या संपर्कांतून बारा व्होल्टचा लहान एल.ई.डी. दिवा लावा आणि प्रयोग इथेच थांबवा. विद्यार्थ्यांनी २३० व्होल्टला हात लावायचा नाही. हे मी काळजीपोटी लिहितो आहे, शोभेसाठी नाही. आजीच्या खोलीत हे खरोखर बसवायचे असेल तर ते काम परवानाधारक तारतंत्र्याने, मोठ्यांच्या समोर, मुख्य कळ बंद करून करावे. त्याला दोन गोष्टी सांगा. एक, रिले फेजच्या तारेत असू द्या, न्यूट्रलमध्ये नको. दुसरी, भिंतीवरचे बटण काढून न टाकता तिथे जिन्याच्या दिव्याला असते तसे दुहेरी बटण बसवा आणि रिलेचे तिन्ही संपर्क वापरून जिन्यासारखीच जोडणी करा. म्हणजे रिमोटचे घट संपले तरी दारातल्या बटणाने दिवा लागेल, आणि दारातून लावलेला दिवा पलंगावरून विझवता येईल. जिथे माणसाला दिव्याची खरी गरज आहे, तिथे त्याला एकाच रिमोटवर अवलंबून ठेवू नये.

यंत्राला जागे राहण्याचाही खर्च असतो. रिले ओढलेली असताना सगळे मिळून अर्धा वॅट धरा. २४ तासांचे १२ वॅट-तास, महिन्याचे ३६० वॅट-तास, म्हणजे एक युनिटाच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. ॲडॉप्टर स्वतः थोडी वीज खातो ती वेगळी. ॲडॉप्टरऐवजी ९ व्होल्टच्या चौकोनी घटावर हे चालवू नका. तो बारा व्होल्टची रिले नीट ओढू शकत नाही आणि दोन-चार दिवसांत मरतो.

राहता राहिली या सोपेपणाची किंमत. आपल्या मंडलाला लय कळते, भाषा कळत नाही. चौतिसातला पहिला तुकडा ऐकून ते कान झाकते. पुढे रिमोट काय म्हणाला याची त्याला दाद नाही. त्यामुळे टीव्हीचा आवाज वाढवला तरी दिवा लागेल आणि बातम्या बदलल्या तरी विझेल! यावर दोन उपाय आहेत. गरिबाचा उपाय असा, की डोळ्यावर काळ्या जाड कागदाची बोटभर लांबीची नळी बसवून ती पलंगाकडे रोखायची आणि टीव्ही दुसऱ्या भिंतीला ठेवायचा. अवरक्त किरण भिंतींवरून परावर्तित होत असल्याने हा उपाय शंभर टक्के नाही, पण पुष्कळसा चालतो. दुसरा उपाय सूक्ष्मनियंत्रकाचा. त्या एका चिपेत ५५५ आणि ४०१३ या दोघांचे काम प्रोग्रॅमने होते आणि बत्तीस खुणा वाचून ती नेमके एकच बटण ओळखते. त्यात भाग कमी होतात, पण चौतिसाचा हिशेब मग तुम्हालाच प्रोग्रॅममध्ये लिहावा लागतो. म्हणून माझ्या मते आधी हे मंडल करावे, प्रोग्रॅम मागाहून.

एक प्रयोग जाता जाता करून पाहा. टेबलावरच्या बारा व्होल्टच्या मंडलातून ५५५ काढा आणि डोळ्याचा निर्गम थेट ४०१३ च्या तिसऱ्या पायाला द्या. घरातले, शेजारचे, शाळेतले जेवढे रिमोट मिळतील तेवढे त्यावर दाबा. बहुतेक मुके ठरतील. पण एखादा जुना रिमोट कधी दिवा लावेल, कधी लावणार नाही. त्याची भाषा आर.सी.-५ असण्याचा संभव आहे. फिलिप्स कंपनीच्या या पद्धतीत १४ खुणा असतात, शेजारशेजारच्या खुणांचे तुकडे कधी एकमेकांना चिकटून एक होतात, आणि बटण दर वेळी सोडून दाबले की एक खूण मुद्दाम बदलते. त्यामुळे तुकड्यांची संख्या कधी सम येते, कधी विषम. कोणत्या बटणाला दिवा उलटतो आणि कोणत्याला नाही, याचा वहीत तक्ता करा, आणि प्रत्येक बटणाचे तुकडे सम असतील की विषम ते त्यावरून ओळखा.